मदत हवी आहे : घरच्या व्हिडिओच्या डीव्हीडीला चांगला मेनू कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग २ तास २० मिनिटांचं आहे. आजी गावी असते. तिच्याकडे इंटरनेट नाही, पण डीव्हीडी प्लेअर ठणठणीत आहे आणि रिमोट ती सराईतपणे वापरते. तिला वाटेल तेव्हा औक्षण बघता यावं, नाहीतर नातवंडांची गाणी, म्हणून फोटोंची बटणं असलेला मेनू करतोय.

डीव्हीडीस्टायलर हे डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर वापरतोय. फॉरमॅट आपल्याकडच्या टीव्हीचा, म्हणजे पाल (PAL), ७२० बाय ५७६ पिक्सेल. मागे आजोबांच्या देवघराचा फोटो, त्यावर सहा बटणं. कॉम्प्युटरवर देखणं दिसतं, पण आमच्या जुन्या टीव्हीवर खालची दोन बटणं निम्मी कापली जातात. कडेने साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडली तर पुरेल का?

दुसरं, बटण निवडलं की देवनागरी अक्षरांच्या कडा दातेरी होतात. ‘औक्षण’मधला ‘क्ष’ तर ओळखूच येत नाही. हायलाइटला चारच रंग मिळतात म्हणून असं होत असावं. मग अक्षरं फोटोतच घालून निवडीसाठी नुसती जाड चौकट ठेवू का? आजीची नजर आता अधू झाली आहे, म्हणून हे मला नीटच हवंय.

आणि एक भाग संपला की मेनूवर परत यायला हवं, तर थेट पुढचा भाग सुरू होतो. ही कमांड नेमकी कुठे द्यायची?

सगळं ४.७ जीबीच्या एकाच डिस्कवर बसवायचंय, म्हणजे आवाज धरून सेकंदाला साडेचार मेगाबिटपेक्षा कमीच. चित्र फुटेल का, की दोन डिस्क करू? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.