मदत हवी आहे : फुटबॉलमध्ये मधल्या पट्ट्यातील बचाव आटोपशीर कसा ठेवावा? (१७ वर्षांखालील मुली, सांगली)

नमस्कार.

सांगलीतील एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका असून गेली तीन वर्षे १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवते आहे. मी स्वतः खो-खो खेळलेली. फुटबॉल मी वाचून आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये सामने पाहून शिकले. त्यामुळे माझ्या मांडणीतच काही मूलभूत चूक असेल तर ती निःसंकोच दाखवावी.

आम्ही चार-चार-दोन (चार बचावपटू, मधल्या फळीत चार आणि पुढे दोन फॉरवर्ड) अशा रचनेने खेळतो. यंदा आमच्यावर झालेल्या गोलांपैकी बहुतेकांची सुरुवात एकाच ठिकाणी झाली, ती म्हणजे आमच्या दोन स्टॉपर (मध्यभागच्या बचावपटू) आणि दोन सेंटर हाफ (मधल्या फळीतील मध्यभागच्या दोघी) यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. प्रतिस्पर्धी संघाची एखादी मुलगी तेथे चेंडू घेते, सावकाश वळून गोलाकडे तोंड करते, आणि मग आमच्या स्टॉपरपुढे दोनच पर्याय उरतात, तेही दोन्ही वाईट : पुढे जावे तर पाठीमागची जागा उघडी पडते आणि थांबावे तर मोठ्या डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) रेषेवरून फटका बसतो.

एक कारण मला कळते. आमच्या दोन्ही सेंटर हाफ एकाच वेळी चेंडूवर धावतात. संघातील निम्म्याहून अधिक मुली खो-खोमधून आल्या आहेत (त्यांना फुटबॉलकडे मीच ओढले, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?), आणि समोरची खेळाडू दिसली की तिचा पाठलाग करायचा, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली आहे.

आतापर्यंत केलेले प्रयत्न असे. पेनल्टी क्षेत्राच्या दोन्ही बाजूंच्या रेषा फक्कीने पुढे मैदानभर ओढल्या. ते क्षेत्र ४०.३२ मीटर रुंद असते. चेंडू मध्यभागी असेल तेव्हा आमच्या दोन्ही फळ्यांतील आठही मुलींनी त्या पट्ट्याच्या आत राहावे, असा नियम केला. प्रशिक्षक आरिगो साक्की यांच्या ज्या मिलान संघाने १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकला, त्या संघात शेवटच्या बचावपटूपासून सर्वांत पुढच्या आघाडीवीरापर्यंतचे अंतर सुमारे २५ मीटर ठेवण्यावर त्यांचा भर असे आणि ते चेंडूशिवायही सराव घेत, हे वाचून मी तोही सराव घेतला. मी हाताने दिशा दाखवते आणि संपूर्ण संघ एकत्र सरकतो. सरावात हे पाहण्यासारखे होते. सामन्यात मात्र पहिली काही मिनिटे गेली की स्टॉपर मागे मागे जाऊ लागतात, दोन्ही फॉरवर्ड मध्यरेषेवर उभ्या राहतात आणि पाहता पाहता २५ मीटरांचे ५० होतात.

माझे प्रश्न दोन आहेत. दोन सेंटर हाफपैकी कोणी जायचे आणि कोणी थांबायचे, हे खेळाच्या वेगात मुलींनी कसे ठरवावे? आणि या मधल्या जागेत एक खेळाडू कायमची ठेवून चार-एक-चार-एक अशी रचना करणे, हा उपाय ठरेल की केवळ पळवाट?

प्रतिसाद १

मॅडम, नमस्कार. मी साताऱ्याचा असून काही वर्षे शालेय संघांना शिकवले आहे. तुमचे दुखणे दोन सेंटर हाफच्या मागे दिसत असले तरी त्याचे मूळ मला फॉरवर्डपाशी वाटते. त्या मध्यरेषेवर नुसत्या उभ्या असतील तर समोरच्या स्टॉपरला मान वर करून, मनासारखा पास निवडायला वेळ मिळतो. तेवढा वेळ मिळालेल्या खेळाडूसमोर कोणतीही बचावफळी मागेच सरकणार, आणि तिने सरकायलाच हवे, कारण पाठीमागे पडणाऱ्या लांब चेंडूची भीती खरी असते. म्हणून फळी कोठे असावी, हे केवळ मीटरमध्ये शिकवू नका. चेंडू असलेल्या खेळाडूवर दबाव असेल, तिची मान खाली असेल किंवा तिने मागे पास दिला असेल, तर सर्वांनी पुढे यायचे. ती मोकळी असेल तर दोन पावले मागे, पण तेही सर्वांनी मिळून. गोलरक्षक गोलरेषेला चिकटून राहत असेल तर तिला डीच्या पुढच्या भागात उभी करा, म्हणजे स्टॉपरची पाठ राखली जाईल.

फॉरवर्डपैकी एकीने चेंडूवर जावे आणि दुसरीने समोरच्या संघाच्या मधल्या हाफला आपल्या सावलीत ठेवावे, म्हणजे तिच्याकडे जाणारी पासची वाट अडवून उभे राहावे. चेंडू हिसकावणे हे या दुसरीचे काम नाही.

कोणी जायचे, याचे उत्तर सांगलीच्या मुलींना कबड्डीतून चटकन कळेल. चढाई करणारी आत आली की जिच्या बाजूला ती वळते तीच पुढे सरसावते आणि बाकीच्या साखळी धरून आत सरकतात. दोघी दोन दिशांनी झेपावल्या तर साखळी तुटते आणि त्या फटीतून चढाई सुटते. तसेच जवळची सेंटर हाफ जाते आणि दुसरी तिच्या तिरक्या रेषेत, थोडी मागे आणि आत येऊन कव्हर देते.

सरावासाठी साधारण ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद चौकोनाचे तीन भाग करा व प्रत्येक भागात चार मुली ठेवा. टोकाच्या चौघींनी मधल्या चौघींच्या फटीतून पलीकडे जमिनीवरून पास द्यायचा. मधल्यांपैकी एकीलाच चेंडूवर जाण्याची मुभा असेल आणि पास अडला की गट बदलेल. मी याच खेळावर सर्वाधिक वेळ घालवत असे. चार-एक-चार-एक ही पळवाट मुळीच नव्हे. २०२२ च्या विश्वचषकात मोरोक्को बहुतांशी तशाच आकारात बचाव करीत असे आणि उपांत्य फेरीपर्यंतच्या पाच सामन्यांत त्यांच्यावर झालेला एकमेव गोल स्वयंगोल होता. परंतु दोघींनी एकदम धावण्याची सवय गेली नाही, तर तुमची तिसरीही त्यांच्यामागे धावेल.

प्रतिसाद २ (मूळ प्रश्नकर्तीचा)

सर, आपले मनःपूर्वक आभार. दोन आठवडे पावसाने आमचे काळ्या मातीचे मैदान बंद होते, म्हणून तीन भागांचा खेळ शाळेच्या प्रार्थनेच्या फरशीवर लहान चेंडूने घेतला, आणि काल मैदानावर सराव सामना झाला. साखळीची उपमा मुलींनी लगेच उचलली. आता त्या स्वतःच ‘साखळी’ असे ओरडतात आणि दुसरी सेंटर हाफ जागीच थांबते. समोरच्या मुलीने मधल्या जागेत चेंडू घेऊन वळणे काल पुष्कळ कमी झाले.

नवी अडचण मात्र दिसली. चेंडू उजव्या बाजूला असताना आमची डावी विंगर (मधल्या फळीतील कडेची खेळाडू) तिच्या बाजूच्या प्रतिस्पर्धी मुलीला सोडून मैदानाच्या मध्यापर्यंत आत येते, तसे मीच सांगितले आहे. पण चिखलात चेंडू जमिनीवरून सरकत नसल्यामुळे समोरचा संघ थेट उंच चेंडू पलीकडे मारतो आणि तेथे त्यांची मुलगी एकटीच असते. पावसाळ्यात विंगरला थोडे बाहेर ठेवावे, की ती जागा सोडून देऊन चेंडू हवेत असतानाच संपूर्ण फळी सरकवावी?