ऑर्किडवर ठिपका दिसला की लगेच बुरशीनाशक मारायचं?

गच्चीवरची
कालच्या एका पोस्टमध्ये लिहिलंय : "पानावर काळा ठिपका म्हणजे बुरशीच. पावसाळाभर दर आठवड्याला बुरशीनाशक मारा." खाली सगळे आभार मानतायत. वाचून राहवलं नाही.

मागच्या जुलैत माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडवर तांदळाच्या दाण्याएवढा पाणचट डाग आला. पान तेवढंच उकडल्यासारखं दिसत होतं. लिटरला दोन ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलं, परत मारलं. चौथ्या दिवशी डाग मधल्या कोंबापर्यंत पोचला, बोटाने दाबला तर तपकिरी पाणी आलं. तो जिवाणू होता. बुरशीनाशकाने तो मरत नाही, आणि फवारून फवारून पान ओलं मीच ठेवत होते. सात वर्षांचं झाड गेलं.

बुरशीचा डाग बहुतेक वेळा कोरडा, खोलगट, आत एकात एक गोल कडी असलेला, आणि सावकाश पसरणारा. उन्हाने भाजलेला डाग उन्हाच्या बाजूलाच येतो आणि तेवढाच राहतो. पाणचट, पिवळ्या कडेचा आणि रोज वाढणारा दिसला तर आधी ब्लेड तापवा, निरोगी भागातून बोटभर आत कापा, पाणी तोडा. औषधाचं नंतर बघा.

रत्नागिरीकर
ताई, तुमच्या कोरड्या गच्चीत हे जमतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पान वाळतच नाही. कोळेरोग, म्हणजे सुपाऱ्या सडवणारा रोग, येऊ नये म्हणून सुपारीवर पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारतात. डाग दिसेपर्यंत थांबणाऱ्याच्या सुपाऱ्या खाली पडलेल्या असतात. आजोबांपासून बघतोय, पुस्तकातलं सांगत नाही.

गच्चीवरची
मीही पुस्तकातलं सांगत नाही, माझं झाड मेलंय. आणि सुपारीचं औषध ऑर्किडला कशाला? बोर्डोत तांबं असतं. डेंड्रोबियम ऑर्किडला ते सोसत नाही, कोवळे कोंब जळतात.

डोंबिवलीची बाल्कनी
मी कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावते, डाग थांबतो. घरात लहान मूल आहे, विषारी फवारे नकोत.

गच्चीवरची
कापलेल्या पानावर चालेल. मुळांवर सांडू देऊ नका, मुळं सुकतात.

फुलवेडी
माझ्या सीतेच्या वेणीवरही, त्या झाडावर वाढणाऱ्या रानऑर्किडवर, ठिपके आहेत. घाटात रस्त्याकडेला घेतली होती, फांदीच्या तुकड्यासकट. काय मारू?

रानवाट
ठिपक्यांचं राहू दे. फांदीसकट म्हणजे कोणीतरी झाडावरून ओरबाडून आणलेली! आम्ही दर जूनला एका आंब्यावरची वेणी बघायला जायचो, हातभर लांब गुलाबी घोस. गेल्या वर्षी गेलो तर खोडावर तुटलेल्या मुळांचे पांढरे वळ तेवढे उरले होते. तुम्ही विकत घेता म्हणून ते तोडतात. बी धुळीइतकं बारीक, रानात योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. एक वेणी उभी राहायला किती वर्षं जातात, कल्पना आहे?

फुलवेडी
मला चोर ठरवू नका. विकणारी बाई म्हणाली, रस्तारुंदीत पडलेल्या झाडावरची आहे. मी नसती घेतली तर वाळली असती.

रानवाट
सगळे विकणारे हेच सांगतात.

रत्नागिरीकर
सगळे खोटं बोलत नाहीत हो. आमच्या रस्त्याला पडलेल्या वडावरून मी स्वतः दोन वेण्या उचलून पोफळीला बांधल्यात. त्या जेसीबीखाली जाऊ द्यायच्या होत्या का?

रानवाट
पडलेल्या झाडावरची उचलणं वेगळं, ते मान्य. पैसे देऊन घेणं मान्य नाही. पैसे मिळतात कळलं की उभ्या झाडावर चढतात.

फुलवेडी
बरं, पुढे घेणार नाही. पण आता घरात आहे ती मरू देऊ का? ठिपके कोरडे आहेत, पानाखाली जास्त.

गच्चीवरची
मरू देऊ नका. फांदी हवेशीर टांगा, पाणी सकाळीच घाला, संध्याकाळपर्यंत पानाच्या बेचक्यात थेंब राहता कामा नये. ठिपक्यांभोवती पेनाने रेघ मारा. आठवड्यात रेघ ओलांडली तर मॅन्कोझेब, तेही बाल्कनीबाहेर.

रत्नागिरीकर
रेघेचं पटलं. माझ्या डेंड्रोबियमची टोकं मागे काळी पडली होती, मी पावसाला दोष देत होतो. यंदा ती पागोळ्यांपासून आत पडवीत घेतो, बोर्डो मारत नाही. व्हँडा ऑर्किडचं मात्र मी माझ्या पद्धतीनेच करणार.