फ्रॅक्चरनंतर ९ किलो वाढलेत, पळायला कधी सुरू करू? (मदत हवी आहे)

मोडकापाय
पाय मोडला होता, आता बरा आहे. घरी बसून ९ किलो वाढले. दिवाळीनंतर ग्रुपबरोबर सिंहगड ठरलाय, तोवर उतरवायचेच आहेत. काल ट्रेडमिलवर पळायला गेलो तर पाच मिनिटांत घोटा टम्म. अजून किती दिवस थांबू? की पळण्याऐवजी दुसरं काही करू? जिमचे पैसे भरून झालेत. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका, पुढची तारीख महिन्यानंतरची आहे.

सांधेसूद
'पाय मोडला' यात मांडीपासून करंगळीपर्यंत सगळं येतं. कुठलं हाड? प्लास्टर की प्लेट? किती आठवडे झाले? पूर्ण वजन टाकायची परवानगी मिळाली का? वय, उंची, आधीचं वजन?

दोनदाच_जेवा
हाड कुठलंही असो, वजनाचा उपाय एकच. दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नाही. जिचकारांनी सांगितलं, दीक्षितांनी घरोघरी पोचवलं. फुकट आहे.

मूठभर_शेंगदाणे
आलं का दीक्षित! हाड जुळत असताना चौदा-चौदा तास उपाशी राहायचं? दिवेकरांचं ऐका, थोडं थोडं खा.

सांधेसूद
इथे दीक्षित-दिवेकर नको, त्याचे धागे ढिगाने आहेत. धागाकर्त्याने अजून हाडसुद्धा सांगितलेलं नाही.

मोडकापाय
सांगतो. उजवा घोटा, दोन्ही बाजूंची हाडं. प्लेट आणि स्क्रू. १४ आठवडे झाले. ७५ चे ८४ झाले, उंची १७०, वय ३४. वजन टाकायला सांगितलंय, काठी सुटली. आता सांगा.

भटक्या_पुणे
मग पर्वती लावा. १०३ पायऱ्या, रोज सकाळी दोन फेऱ्या. सिंहगडाची तयारी आपोआप होते.

सांधेसूद
पर्वती चढेल तो, उतरताना अडकेल. पायरी उतरताना मागच्या पायाचा घोटा पुढे वाकावा लागतो. १४ आठवड्यांचा घोटा तेवढा वाकत नाही, मग टाच लवकर उचलते, पाय बाहेर फिरतो आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. सिंहगडाची उतरण तर पायऱ्यांपेक्षा वाईट, भुसभुशीत मुरूम.

मोडकापाय, आज एक मोजमाप करा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, पाऊल सरळ. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. टाच सुटायच्या आधीची शेवटची जागा पकडा आणि अंगठ्याच्या टोकापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. दोन्ही पायांचं. मग एका पायावर टाच उचलून किती वेळा उभं राहता येतं तेही मोजा, तोल सांभाळायला भिंतीला फक्त बोटं. दोन पायांत फरक किती ते लिहा, पळायचं नंतर बघू.

आणि दोन हाडांना एकत्र धरणारा आडवा लांब स्क्रू आहे का? असेल तर तो काढायचाय की ठेवायचाय हे डॉक्टरांना फोन करून विचारा. पळापळीत असे स्क्रू तुटतात.

कोथरूडची_ताई
प्लेट असली तर विमानतळावर यंत्र वाजतं का? यांच्या सासूबाईंना जायचंय.

किलोभर
ताई, वेगळा धागा काढा.
मोडकापाय, खाणं लिहिलंच नाहीत. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं लिहा, चहातल्या साखरेसकट. शिवाय चालू असलेली सगळी औषधं.

मोडकापाय
खाणं साधं घरचंच. सकाळी चहा, पोहे. दुपारी ३ पोळ्या, भाजी, वरण-भात. रात्री तेच. बाहेरचं बंद आहे. पळण्याचं विचारलं होतं.
मोजलं. उजवा ५ सेंमी, डावा ११. टाच उचलणं डाव्यावर २२, उजव्यावर एकही नाही.

किलोभर
एवढ्यावर ९ किलो वाढत नाहीत. पडून असताना 'ताकदीचं' म्हणून काय दिलं जायचं?

मोडकापाय
डिंकाचे लाडू. आई करते. पण ते खाणं नाही, हाडासाठी औषध म्हणून. रोज सकाळी दोन, दुधाबरोबर. संपत आलेत.

किलोभर
सापडलं.
डिंक तुपात तळलेला, वर खारीक, सुकं खोबरं, गूळ. ४० ग्रॅमचा लाडू धरला तर जवळपास २०० कॅलरी. रोज दोन म्हणजे ४००. बारा आठवड्यांचे ३३,६००. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी, तेव्हा ४ किलोंच्या वर नुसते लाडूच. दूध म्हशीचं असेल तर मोठ्या पेल्याचे आणखी २५० धरा. वाईट काही नाही त्यात, पण बाळंतिणीचा खुराक खुर्चीत बसून खाल्लात.

आता उलटा हिशोब. ३ किमी चाललात तर तुमच्या वजनाला बसून राहण्यापेक्षा साधारण सव्वाशे कॅलरी जास्त जळतील, म्हणजे सव्वा पोळी. पळून ९ किलो उतरत नाहीत, ते ताटातच उतरतात. बैठं काम धरून तुमचा दिवसाचा खर्च २१००-२२०० च्या आसपास. १७०० वर या. आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच महिने. दिवाळीचा हट्ट सोडा.

कापायचं कुठून? लाडू, दुपारचा भात, फोडणीचं तेल. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी, कढईत 'अंदाजे' ओततात ते तीन चमचे असतं. प्रथिनं मात्र कापू नका. दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत न्या, नाहीतर पोटाबरोबर पोटरीही झडेल. ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६ ग्रॅम, तीन अंडी १८, मुगाच्या उसळीची वाटी ७ च्या पुढे. वरण पातळ असेल तर त्याचा भरवसा नाही.

औषधं राहिली.

हाडवैद्य_नव्हे
कॅल्शियमसाठी पाया सूप प्या. हाडाला हाड.

मूठभर_शेंगदाणे
पाया सूपात कॅल्शियम फार उतरत नाही, वर तरंगते ती चरबी. नाचणी खा, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

मोडकापाय
पावलाला मुंग्या येत होत्या म्हणून प्रीगॅबालिन दिलंय, ७५ ची, दोनदा. दोन महिने झाले. त्याचा वजनाशी काय संबंध?

सांधेसूद
हे पहिल्या प्रतिसादात हवं होतं. प्रीगॅबालिनने भूक वाढते, वजन वाढतं, पायावर सूजही येते. एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करायचं असतं. मुंग्या थांबल्या असतील तर महिना कशाला थांबता, याच आठवड्यात दवाखान्यात फोन करा आणि स्क्रूचंही तेव्हाच विचारा.

सूज: घोट्यावर संध्याकाळची सूज आणखी काही महिने येईल, पाय उशीवर ठेवला की उतरेल. पण एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखली तर त्याच दिवशी डॉक्टर, रक्ताची गुठळी नाही ना हे बघायला डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करावा लागतो. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

पळणं सध्या बंद. जिमचे पैसे वाया जात नाहीत:
स्थिर सायकल, सीट उंच, आधी पेडलवर पावलाचा मधला भाग, रेझिस्टन्स शून्य, २० मिनिटं. दोन आठवड्यांनी पावलाचा पुढचा भाग.
भिंतीचाच व्यायाम, १५ वेळा, दिवसातून तीनदा. ताण पोटरीत हवा. घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर तिथंच थांबा.
टाचा उचलणं दोन्ही पायांवर, १५ चे तीन सेट, उतरताना तीन सेकंद. जमलं की दोन्हींवर वर, उजव्या एकट्यावर खाली.
कमरेच्या वरचे व्यायाम बसून हवे तेवढे.

उजव्यावर २० टाचा, भिंतीचं अंतर ९ च्या पुढे, न लंगडता अर्धा तास झपाझप चाल. हे तिन्ही जमेपर्यंत ट्रेडमिलवर फक्त चालायचं. चालतानासुद्धा घोट्याच्या सांध्यावर शरीराच्या पाचपट भार येतो, पळताना त्याहून जास्त.

दोनदाच_जेवा
दोन वेळा जेवले असते तर हे काहीच लागलं नसतं.

भटक्या_पुणे
सिंहगडाला गाडीने वर जा. पिठलं-भाकरी वरच मिळते.

किलोभर
१७०० मध्ये बसवून खा.

मोडकापाय
फोन केला. आडवा स्क्रू आहे, तो काढायचा की नाही हे एक्स-रे बघून ठरवणार, परवा बोलावलंय. गोळी रात्रीची एकच ठेवलीय. ग्रुपला जानेवारी सांगितलं.
आई म्हणतेय डिंकाचे नको तर नाचणीचे लाडू करते, ते चालतील का?

किलोभर
तूप किती घालणार ते विचारून सांगा.