कुशच्या राजांना नकलाकार म्हणणाऱ्यांसाठी

रेवाकाठची (धागाकर्ती)

इजिप्तच्या अस्तावरील धाग्यात काल 'अभ्यासू' यांनी असे लिहिले आहे की, रामसेस तिसऱ्यानंतर इजिप्त मेल्यातच जमा होता, नूबियातून, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातून, आलेल्या कुशच्या राजांनी त्याच्या अंगावरचे दागिने घालून काही दशके मिरवून घेतले आणि शेवटी ॲसिरियाला अंगावर ओढवून उरलेसुरलेही घालवले. 'नकलाकार' हा शब्द त्यांनी तीन वेळा वापरला आहे. एका ओळीत उत्तर देऊन भागले असते, तर मी ते तिथेच दिले असते.

नाईलच्या तिसऱ्या प्रपाताच्या दक्षिणेला केर्मा येथे इ.स.पू. 2500 च्या सुमारापासून एक स्वतंत्र राजसत्ता, म्हणजे पहिले कुश, उभी राहत होती. तिथे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइसनर यांनी 1913 पासून उत्खनन केले, तेव्हा राजांच्या प्रचंड वर्तुळाकार समाध्या सापडल्या आणि त्यांतल्या एकीत हापजेफा नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याचा पुतळा मिळाला. एवढ्या आधारावर राइसनर यांनी ठरवून टाकले की, केर्मा ही इजिप्तची वसाहत होती आणि समाधी तिथल्या सुभेदाराची होती. तो पुतळा लुटीत किंवा व्यापारात आलेला असू शकतो, हे मान्य व्हायला पुढे कित्येक दशके जावी लागली. स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बोने यांच्या पथकाने नंतर तिथे तटबंदीचे शहर, मोठे विटांचे मंदिर आणि वस्त्यांची सलग परंपरा उजेडात आणली. नकलाकारपणाच्या आरोपाचे मूळ राइसनर यांच्या त्या अंदाजात आहे. अंदाज मागे पडला, आरोप मात्र पुस्तकांत तसाच राहिला.

इजिप्तला तर हा शेजारी किती बलवान आहे, हे चांगलेच ठाऊक होते. सेनुस्रेत तिसऱ्याने सेमना, कुम्मा, उरोनार्ती अशी किल्ल्यांची साखळी उगीच बांधली नव्हती. उत्तर इजिप्त ताब्यात घेतलेल्या परकी हिक्सोसांचा राजा अपेपी याने कुशच्या राजाला पाठवलेले 'आपण दोघे मिळून इजिप्त वाटून घेऊ' अशा आशयाचे पत्र दक्षिण इजिप्तमधल्या थीब्सच्या कामोस राजाच्या माणसांनी वाटेत पकडले, हेही कामोसने स्वतःच शिळेवर कोरून ठेवले आहे.

आता अस्ताविषयी. रामसेस तिसऱ्याच्या 29 व्या वर्षी राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांना धान्य वेळेवर मिळाले नाही, म्हणून ते काम टाकून मंदिरांपुढे जाऊन बसले. रामसेस नवव्याच्या काळात कबरफोडीचे खटले चालले. थीब्सच्या आमून देवाच्या देवस्थानाकडे जमिनी साठत गेल्या. रामसेस अकराव्याच्या काळात इजिप्तने कुशवर नेमलेला सुभेदार पानेहेसी सैन्य घेऊन थीब्समध्ये उतरला, बंडखोर ठरला आणि नूबियात परतला, त्याबरोबर तिथले सोनेही इजिप्तच्या हातून गेले. यांत कुशच्या राजघराण्याचा संबंध कुठे आहे? कुशचा राजा पिये, म्हणजे जुन्या पुस्तकांतला पिआंखी, उत्तरेकडे निघाला तो यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, आणि तेव्हा नाईलच्या मुखाजवळच्या डेल्टामध्ये एकाच वेळी अनेक जण स्वतःला राजा म्हणवून घेत होते.

अभ्यासू

ताई, तुमचा अभ्यास दांडगा आहे, परंतु तुम्ही उत्तर भलत्याच प्रश्नाचे दिले आहे. केर्मा स्वतंत्र होते हे मी नाकारलेलेच नाही. माझे म्हणणे पंचविसाव्या घराण्यापुरते, म्हणजे इजिप्तवर राज्य केलेल्या कुशच्या राजांपुरते आहे. त्यांची लिपी इजिप्तची, देव आमून, मंदिरांची आखणी इजिप्तची आणि राजांच्या पाच नावांची पद्धतही इजिप्तचीच. इजिप्तच्या राजांनी स्वतःसाठी पिरॅमिड बांधणे सोडून आठशे वर्षे झाली होती, तरी यांनी एल-कुर्रू आणि नुरीला ते पुन्हा बांधायला घेतले. याला नक्कल म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याला तुम्ही हातही लावलेला नाही. या घराण्यातल्या तहार्काने आजच्या लेबनॉनमधल्या टायरच्या राजाशी संधान बांधले आणि पॅलेस्टाइनच्या राजकारणात नको तितके लक्ष घातले. परिणामी इ.स.पू. 671 मध्ये ॲसिरियाच्या एसारहद्दोन राजाने मेम्फिस घेतले, तहार्काला पळावे लागले, त्याची बायकामुले शत्रूच्या हाती सापडली आणि इ.स.पू. 663 मध्ये अशुरबनिपालच्या सैन्याने थीब्स लुटून दोन ओबेलिस्कसुद्धा (उंच स्तंभ) उचलून नेले. आक्रमकांना कधीही न सापडलेले आमूनचे नगर या महाशयांच्या काळात गेले. याला पुनरुज्जीवन म्हणण्यासाठी विशेष प्रकारची भक्ती लागते.

रेवाकाठची

भक्तीचा टोमणा बाजूला ठेवते आणि तारखांकडे वळते. ॲसिरियाने गाझापर्यंत मजल मारली ती तिग्लथ-पिलेसर तिसऱ्याच्या काळात, इ.स.पू. 734 मध्ये. इ.स.पू. 720 मध्ये सारगोन दुसऱ्याने रफाहजवळ इजिप्तच्या सेनापतीचा पराभव केला, तेव्हा डेल्टावर कुशची पकड बसलेलीही नव्हती. त्यानंतर अश्दोदचा बंडखोर यमानी आश्रयाला आला, तेव्हा कुशच्या शेबित्कू राजाने त्याला बेड्या घालून ॲसिरियाच्या हवाली केले, असे सारगोनचाच इराणमधला शिलालेख सांगतो. कुरापत काढणारा राजा असे करत नाही. टायरसारखी फिनिशियाची बंदरे आणि सागवानासारखे मोलाचे देवदार लाकूड एकाच मालकाच्या मुठीत जाऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न नाईलच्या काठी बसलेल्या कोणत्याही राजापुढे आलाच असता. तहार्काने त्याचे उत्तर चुकीचे दिले असे फार तर म्हणता येईल. शिवाय इ.स.पू. 674 मध्ये एसारहद्दोनची पहिली स्वारी इजिप्तमध्ये फसली होती, ही नोंद बॅबिलोनच्या बखरीत आहे. ती तुमच्या लिखाणात कुठे दिसली नाही.

खार्तुमकर

आपल्या तारखा वाचून मौज वाटली. मी सुदानमध्ये साखर कारखान्यात बरीच वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे चार शब्द लिहितो. मेरोए या कुशच्या नंतरच्या राजधानीतल्या पिरॅमिडांपुढे एकदा उभे राहून पाहिल्यावर नकलेची भाषा कोणी करणार नाही. ते गिझासारखे पसरट नाहीत. अरुंद आणि ताठ उभे आहेत, प्रत्येकाच्या पूर्वेला छोटे मंदिर आहे आणि बहुतेकांचे शेंडे गेलेले आहेत. 1834 साली फेर्लिनी नावाच्या इटालियन वैद्याने सोन्याच्या हावेपोटी ते फोडले. राणी अमानिशाखेतोचे दागिने त्याला मिळाले आणि ते आज बर्लिन आणि म्युनिकमध्ये आहेत.

माझ्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ मूळचे वादी हल्फाचे होते. अस्वानचे मोठे धरण झाले आणि त्यांचे गाव, खजुराच्या बागा, दफनभूमी असे सारे पाण्याखाली गेले. सरकारने लोकांना आगगाडीत बसवून दूर खश्म एल-गिर्बाला नेऊन सोडले. ते सांगत की, अबू सिंबेलचे देऊळ कापून वर चढवायला साऱ्या जगाने पैसे दिले, आमच्या खजुरांसाठी मात्र कोणी आले नाही. माझे स्वतःचे आजोळ धरणात गेलेले असल्यामुळे मला ते कळत असे. तुम्ही ज्या सेमना आणि कुम्माच्या किल्ल्यांवर वाद घालता, तेही त्याच पाण्यात बुडाले. तिथली देवळे तेवढी उचलून खार्तुमच्या संग्रहालयाच्या बागेत उभी केली होती, आणि 2023 च्या एप्रिलपासूनच्या युद्धात ते संग्रहालयही लुटले गेले. अशा वेळी कोणी कोणाची नक्कल केली, हा प्रश्न मला निव्वळ चैनीचा वाटतो.

अभ्यासू

काका, आपल्या अनुभवाविषयी आदर आहे, परंतु धरणाचे दुःख हा इ.स.पू. आठव्या शतकाचा पुरावा होऊ शकत नाही.

सिंधुसागर

सर्वांनी एक मोठी गोष्ट सोडलेली दिसते. सुदानमधल्या नाका येथील सिंहमंदिराच्या मागच्या भिंतीवर अपेदेमाक हा देव तीन सिंहमुखे आणि चार हात असलेला कोरला आहे. तिथेच बाजूला सिंहमुखी नाग कमळातून वर येताना दाखवला आहे. चतुर्भुज देव, तीन मुखे आणि कमळ पाहून आपल्याला काही आठवत नाही का? मुसव्वरात येथे हत्तींची शिल्पे आहेत, तीही विसरू नका. भारतीय प्रभावाची शक्यता काही पाश्चात्त्य विद्वानांनीही पूर्वी मांडली होती. मग ती मांडायला आपलेच लोक का लाजतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

लेणीवेडा

लाजत कोणी नाही, आधी काळ तपासतो. नाकाचे मंदिर नताकमानी राजा आणि अमानितोरे राणी यांचे आहे, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. घारापुरीची त्रिमूर्ती सहाव्या शतकातली आहे. पाचशे वर्षांनी घडणाऱ्या मूर्तीचा प्रभाव आधीच्या भिंतीवर पडत नसतो. शिवाय ते शिल्प संपूर्ण पाहावे. भिंतीच्या मध्यभागी देव उभा आहे, एका बाजूने राजा आणि दुसऱ्या बाजूने राणी पूजेला आलेली आहे. दोघांकडे एकाच वेळी पाहायचे, दोघांचेही स्वीकारायचे आणि समोरच्यालाही दर्शन द्यायचे, यासाठी शिल्पकाराने मुखे आणि हात वाढवले आहेत. कमळातून देव प्रकटण्याची कल्पना इजिप्तमध्ये नेफरतेम देवाच्या रूपाने फार जुनी आहे. आफ्रिकेत हत्ती कुठून आले, हे तर विचारायलाच नको.

सिंधुसागर

म्हणजे भारतातून तिकडे काहीच गेले नाही, असे आपणास म्हणायचे आहे? तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय रांजणात 7.5 किलो मिरी सापडली, सागवान सापडले, अलीकडे बुद्धमूर्तीही सापडली. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण, चौल आणि सोपारा यांची नावे आहेत आणि त्याच ग्रंथात मेरोएचाही उल्लेख आहे. माल येतो आणि कल्पना मात्र वाटेत जकातनाक्यावर अडकतात, असा काही नियम आहे काय? परदेशी प्राध्यापकाने लिहिले की संशोधन आणि आम्ही लिहिले की अभिमान, या वृत्तीचा मला खरोखर वीट आला आहे.

लेणीवेडा

वीट येऊ द्यावा, पण तो पुराव्याच्या जागी रचू नये. बेरेनिके हे रोमन इजिप्तचे बंदर होते, मेरोएचे नव्हे. तिथली मिरी तिथल्या देवळात सापडली आणि ती तिथल्या व्यापाराचा पुरावा आहे. अभिमानच बाळगायचा असेल, तर 1962 साली ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पथक नूबियात आफ्येहला जाऊन, पाणी चढण्यापूर्वी उत्खनन करून आले, त्याचा बाळगावा. त्याविषयी आपण एक ओळही लिहिली नाही.

रेवाकाठची

धागा माझा आहे याची नम्र आठवण करून देते. तरीही सिंधुसागर यांच्या व्यापाराच्या मुद्द्यात, त्यांनाही नको असलेला, एक उपयोगाचा भाग आहे. भारताचा माल समुद्रमार्गे थेट रोमन बंदरांत उतरू लागला आणि हस्तिदंताचा ओघ अदुलिस बंदरावाटे इथिओपियातल्या अक्सूम राज्याकडे वळला. मेरोएच्या हातून आफ्रिकेच्या अंतर्भागातल्या व्यापाराची नाडी सुटण्यामागे हे एक कारण असू शकते. लोखंड वितळवण्यासाठी जंगले तोडली म्हणून मेरोए बुडाले, असे सोपे उत्तर अनेकांना आवडते. तिथले लोखंडाच्या मळीचे ढीग मोठे आहेत हे खरे, परंतु ते काम शतकानुशतके चाललेले होते. चौथ्या शतकात अक्सूमच्या एझाना राजाने त्या प्रदेशावर स्वारी केली, तेव्हा तिथे नोबा लोक आधीच पसरलेले होते, असे त्याचाच शिलालेख सांगतो. म्हणजे राज्य आधीच पोखरलेले होते.

आणि हे राज्य थीब्स गेल्यावर हजार वर्षे टिकले, हे 'अभ्यासू' यांच्या हिशोबात कुठेच धरलेले नाही. या हजार वर्षांत त्यांनी स्वतःची लिपी घडवली. तिचे उच्चार ग्रिफिथ यांनी 1911 साली लावले, पण भाषा अजून पुरती उलगडलेली नाही. एका डोळ्याने अधू असलेल्या कंदाके पदवीच्या राणीच्या काळात त्यांच्या सैन्याने रोमनांच्या अस्वानवर हल्ला केला. रोमन सुभेदार पेट्रोनियसने उलट त्यांचे नापाता शहर लुटले, तरीही अखेरीस रोमन सम्राट ऑगस्टसने सामोस बेटावर त्यांच्या वकिलांची भेट घेऊन कर माफ केला. ऑगस्टसच्या पुतळ्याचे कापलेले शिर मेरोएच्या एका देवळाच्या उंबऱ्याखाली पुरलेले सापडले, म्हणजे आत जाणारा प्रत्येक जण त्यावर पाय देत असे. हे कोणाच्या नकलेतून आले, ते सांगावे.

अभ्यासू

मेरोए मी मुळातच वादातून वगळले होते. ठीक आहे, 'नकलाकार' हा शब्द मागे घेतो, कारण तो घेतल्याशिवाय या धाग्यावर पुढचे कोणी वाचणार नाही. पियेने हर्मोपोलिस जिंकल्यावर तबेल्यात जाऊन उपाशी घोडी पाहिली आणि तिथला राजा निमलोत याला त्यावरून झापले, मासे खाणाऱ्या राजांना वाड्यात पाऊल टाकू दिले नाही, हे सारे त्याने स्वतःच्याच शिळेवर लिहून घेतले आहे. एल-कुर्रूला 24 घोडी उभी पुरलेली आहेत, हेही मी वाचलेले आहे. हा माणूस स्वतःला मूळ इजिप्शियनांपेक्षा सोवळा समजत होता, एवढे मान्य. पण मेम्फिस जिंकून, लूट होड्यांत भरून तो परत दक्षिणेला निघून गेला. राज्य चालवायचे असेल, तर राजधानीत राहावे लागते. डेल्टातले ते संस्थानिक जागच्या जागी राहिले आणि त्यांतलेच साइसचे घराणे पुढे ॲसिरियाच्या आश्रयाने इजिप्तचे धनी झाले. तहार्काची हार पियेच्या त्या परतीत आहे, ही माझी भूमिका कायम आहे.

रेवाकाठची

हा मुद्दा मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी मांडला असता, तर मला एवढे लिहावे लागले नसते. डेल्टा त्यांनी नीट बांधून घेतला नाही, हे मला मान्य करावे लागेल. पण थीब्सविषयी तुमचे म्हणणे पटत नाही. लूट झाल्यानंतरही थीब्सचे लोक इ.स.पू. 656 पर्यंत आपल्या कागदांवर तहार्कानंतरचा कुशचा राजा तंतमानी याचीच वर्षे घालत होते. साइसच्या प्साम्तिक पहिल्याची मुलगी नितोक्रिस आमूनची भावी देवपत्नी (थीब्सचे मोठे धार्मिक पद) म्हणून थीब्सला आली, तेव्हाही त्याने तिथे बसलेल्या कुशच्या राजकन्येला हटवले नाही, तिच्याकडूनच आपल्या मुलीला दत्तक घ्यायला लावले. त्यानंतर साठेक वर्षांनी, इ.स.पू. 593 मध्ये, प्साम्तिक दुसऱ्याने नूबियावर सैन्य पाठवले आणि इजिप्तभर कुशच्या राजांची नावे छिन्नीने खोडायला लावली. केर्माजवळ दुक्की गेलला 2003 साली तहार्कापासून अस्पेल्तापर्यंतच्या राजांचे फोडलेले पुतळे एका खड्ड्यात नीट ठेवलेले मिळाले, तेही बहुधा त्याच स्वारीतले आहेत. मिरवून गेलेल्या पाहुण्यांसाठी कोणी एवढी मेहनत घेत नाही.

अभ्यासू

खोडलेल्या नावांवर वेगळा धागा काढावा. हातशेप्सुत राणीचेही नाव खोडले होते, आणि तिथे कारण अगदी निराळे होते.