मदत हवी आहे: पोर्ट वाईनच्या गावी आई-बाबांसोबत

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन पोर्तुगालमधल्या पोर्तोला जातेय. गोव्यात पोर्ट वाईन नेहमी पाहिलेली, पण मूळची पोर्ट दोउरो नदीच्या खोऱ्यातली. १७५६ साली सीमा आखून दिलेला प्रदेश. रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात द्राक्षांचं कडक मद्य घालतात, म्हणून साखर उरते आणि वाईन गोड राहते. हे कळल्यापासून तिथे जायची फार ओढ लागलीये.

पोर्तोहून रेल्वेने दोउरोकाठच्या पिन्यांव गावी जाऊन त्याच दिवशी परतणं बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का? की तिथेच मुक्काम करावा? तिथल्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या खूप उभ्या दिसतात. दगडी हौदात पायांनी द्राक्षं तुडवतात, ते पाहुण्यांना बघू देतात का? आईला ते बघायचंच आहे. आणि घरी आणायला पोर्टचा कोणता प्रकार घ्यावा, रूबी (गडद लाल, ताज्या फळांच्या चवीची) की टॉनी (लाकडी पिंपात मुरून तपकिरी झालेली)? आम्ही घोटभरच पिणारे, बाटली महिनाभर पुरवू.