तपासणीविना करार अपुराच
१९७२चा जैविक अस्त्रबंदी करार असताना नवी तपासणी यंत्रणा कशाला, हा इथे मांडलेला मुद्दा मला पटत नाही. करारात सामील असलेल्या सोव्हिएत संघातच एप्रिल १९७९मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे दगावली. सरकार मात्र दूषित मांसाकडे बोट दाखवत राहिले, कारण आत जाऊन पाहण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी १९९२मध्ये लष्कराचा दोष मान्य केल्यानंतर शास्त्रज्ञांनी रुग्णांचे ठावठिकाणे नकाशावर मांडले, तेव्हा बहुतेक जण केंद्रापासून त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या एका अरुंद पट्ट्यात सापडले. या कराराला तपासणीची जोड देणारा मसुदा अमेरिकेने २००१मध्ये नाकारला, ही माझ्या मते गंभीर चूक होती. निदान संशयास्पद साथीच्या ठिकाणी तज्ज्ञांना ठरावीक मुदतीत प्रवेश देणे तरी बंधनकारक व्हावे.