हौस समजते, पण इथे नको

तुमच्या बहिणीला अमेरिकेत पाचव्या महिन्यातच पोटात मुलगी आहे असं सांगितलं, मग आपल्याकडे बाळाचं लिंग सुशिक्षित लोकांपासून का लपवतात असं विचारलंय तुम्ही, पण अहो, मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्यात शिकलेली माणसंही मागे नव्हती. ऐंशीच्या दशकात याच मुंबईत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती उघड लागायच्या, म्हणून तर १९८८ ला महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा आला १९९४ ला. तरी सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ ला ९१३ मुली होत्या त्या २०११ ला ८९४ झाल्या!

वहिनीच्या सोनोग्राफीला परळला गेले होते, तिने आधी फॉर्मवर सही केली की मला लिंग जाणून घ्यायचं नाही, भिंतीवरही तोच बोर्ड, आणि बाहेर बाकड्यावर एक सासू सुनेला हळूच विचारत होती, "डॉक्टर हसले का गं?" म्हणजे मुलगा असल्याचा इशारा दिला का! काटाच आला अंगावर. डॉक्टरने तुम्हाला सांगितलं तर त्या सासूलाही सांगावं लागेल ना.

एनआयपीटी ही रक्ताची टेस्ट डाऊन सिंड्रोमचा धोका बघायला डॉक्टरांनी सुचवली तर जरूर करा, पण लिंग सांगायला तिथेही बंदीच आहे, उगाच लॅबवाल्याच्या मागे लागू नका.